आठ महिने व्हर्टिगो वाचतोय

सुरुवात गैरसमजातून झाली. जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात 'डेट्रिपर' दिसलं. नावावरून वाटलं, प्रवासवर्णन असेल. पहिलं प्रकरण संपता संपता नायकच मेला. ब्रास नावाचा हा ब्राझिलियन माणूस वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहितो. दुसऱ्या प्रकरणात तो पुन्हा हजर, आता २१ वर्षांचा, आणि पुन्हा मेला. तिसऱ्यापर्यंत मला कळून चुकलं होतं, तरी शेवटचं पान उलटताना हात थबकलाच. फाबियो मून आणि गॅब्रिएल बा या जुळ्या भावांचं हे कॉमिक, व्हर्टिगोने काढलेलं. त्या रात्री झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून मी व्हर्टिगोच्या मागे लागलो.

व्हर्टिगो ही डीसी कॉमिक्सची प्रौढ वाचकांसाठीची शाखा. कॅरेन बर्गर या संपादिकेने ती १९९३ मध्ये उभी केली. 'प्रौढ' म्हटल्यावर मी रक्त आणि उघडीवाघडी चित्रं एवढंच धरून चाललो होतो. तेही आहेच. 'प्रीचर' लोकलमध्ये वाचत होतो. वीस पानं नुसते संवाद, आणि शेजारच्या काकांनी डोकावलं ते नेमकं नको त्या चौकटीत. तिसऱ्या खंडात मी ती मालिका सोडली, काकांमुळे नव्हे. सारखा धक्का द्यायचा म्हटलं की धक्का बसेनासा होतो.

'सॅन्डमन' आधी फोनवर वाचलं, ही माझी घोडचूक. ॲप एकेक चौकट मोठी करून दाखवतं, पण पानाची मांडणीच हरवते. मग छापील खंड घेतला आणि अक्षरांकडे लक्ष गेलं. नायकाचे, म्हणजे स्वप्नांच्या राजाचे, संवाद काळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या फुग्यात, पांढऱ्या अक्षरांत. त्याची धाकटी बहीण डिलिरियम बोलते तेव्हा फुगा रंगीबेरंगी होतो आणि अक्षरं लहानमोठी होत डुचमळतात. टॉड क्लाइन यांची ही अक्षरं पाहताना आवाज ऐकू येतो म्हटलं तर हसाल, पण येतो. एक तक्रार: सुरुवातीच्या अंकांची रंगसंगती जुन्या छपाईत गढूळ वाटते.

'हेलब्लेझर'ने मात्र घाम काढला. व्हर्टिगोच्याही आधी डीसीने सुरू केलेली मालिका: १९८८ ते २०१३, ३०० अंक, लेखक बदलत गेलेले. सुरुवातीला थॅचरबाईंच्या काळातलं ब्रिटन गृहीत धरलंय, त्यामुळे निम्मे टोमणे डोक्यावरून जातात. त्यापेक्षा नवख्याने 'वाय: द लास्ट मॅन' घ्यावं. जगातले सगळे पुरुष एका फटक्यात मरतात, उरतो एक तरुण आणि त्याचं माकड. ६० अंकांत गोष्ट संपते, आणि माकडाचं नाव अँपरसँड (म्हणजे '&' हे चिन्ह) आहे एवढ्यावरही मी खूश होतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी बांधणी बघून घ्या. 'उत्तम स्थितीत' म्हणून एकाने पाठवलेला खंड दुसऱ्याच दिवशी दुभंगला. आणि संग्रह एकसारखा दिसावा अशी हौस असेल तर सोडून द्या. २०१९ मध्ये डीसीने व्हर्टिगो बंद करायचं जाहीर केलं, नंतरच्या आवृत्त्यांवर 'ब्लॅक लेबल' हे डीसीच्याच दुसऱ्या शाखेचं नाव आलं. २०२४ मध्ये जुनं नाव परत आणणार म्हणाले. माझ्या फळीवर एकाच मालिकेचे कणे दोन तऱ्हांचे आहेत.

सध्या 'हेलब्लेझर'चा चौथा खंड चालू आहे. दिवसाला एक अंक, त्याहून जास्त झेपत नाही.