चिऱ्याच्या घरात कॉर्डलेस फोन: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही वायरचा फोन बाजूला करून दोन हँडसेटचा कॉर्डलेस संच घेतला. आता जुलै लागलाय. म्हणजे आंब्याचा अख्खा सीझन आणि पावसाचा पहिला महिना त्याने काढला. घेताना मला जे कळायला हवं होतं ते दुकानात कोणी सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लँडलाइन आता कशाला, असं बरेच जण विचारतात. आमचं घर रत्नागिरीपासून आत, जांभ्या चिऱ्याचं. भिंती दीड-दीड फुटांच्या. मोबाइलवर धड बोलायचं तर खळ्यात जाऊन उभं राहावं लागतं. शिवाय आमच्या पेट्यांवर 02352 ने सुरू होणारा नंबर 25 वर्षं छापलेला आहे. पुण्या-मुंबईची जुनी गिऱ्हाइकं मार्च उजाडला की त्याच नंबरावर विचारतात, "यंदा पहिली पेटी कधी?" तो नंबर सोडणं आम्हाला परवडणारं नाही.

पण खरं कारण सासूबाई. वय 78. मागच्या वर्षी फोन वाजला म्हणून मागल्या दारातून घाईने आत येताना उंबरठ्याला अडखळल्या आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हाच ठरवलं की फोनपाशी त्यांनी धावायचं नाही, फोन त्यांच्यापाशी असला पाहिजे.

घेण्याआधी एक फुकटचा संच हाती आला होता, अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला. खोक्यावर डेक्ट 6.0 लिहिलेलं. डेक्ट ही कॉर्डलेस फोनची एक पद्धत. हे 6.0 म्हणजे फ्रिक्वेन्सी नव्हे, नुसतं नाव. ते फोन 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे. अ‍ॅडॅप्टरही 120 व्होल्टचा, आपल्या 230 वर लावला तर जळायचाच. कोणी प्रेमाने आणून दिला तरी असा फोन इथे वापरू नका. युरोपातला डेक्टचा पट्टा वेगळा, 1880 ते 1900. आपल्या दुकानांत मात्र बरेचसे संच 2.4 गिगाहर्ट्झचे दिसतात. आमचाही तसलाच. दोन हँडसेट, एक बेस (म्हणजे फोनची वायर जोडायचा मुख्य भाग), दोन चार्जर, सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास.

2.4 म्हणजे वायफायचाही तोच पट्टा. फायबरचा मोडेम माजघरात भिंतीवर आहे आणि फोनची वायर त्याच्याच पोर्टमधून निघते, म्हणून बसवणाऱ्या मुलाने बेस मोडेमला चिकटून ठेवला. पहिल्या दिवसापासून कानात खरखर. बोलणं चालू असताना मुलीचा ऑनलाइन क्लास अडकायचा. फोनच खराब निघाला असं वाटून मी परत द्यायला निघाले होते. मग 10 मीटर टेलिफोन वायर आणली आणि बेस तिथून हलवून ओटीवरच्या खिडकीत ठेवला. खरखर तिथल्या तिथे थांबली. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेऊनही प्रश्न सुटतो म्हणतात, पण ते आमच्या भिंतींतून पलीकडे पोचतच नाही.

बेस कुठे ठेवायचा, याला मी मॉडेलपेक्षा जास्त महत्त्व देईन. खोक्यावर लिहिलंय, उघड्यावर 300 मीटर, घरात 50 मीटर. आमच्याकडे आंबे भरायचा मांगर खळ्यापलीकडे, ओटीपासून जेमतेम 60 पावलांवर. बेस माजघरात असताना आवाज खळ्याच्या मध्यावरच तुटायचा, कारण वाटेत चिऱ्याच्या दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. खिडकीत आणल्यावर मांगराच्या दारापर्यंत स्वच्छ ऐकू येतं, आत आढीपाशी गेलं की थोडं तुटतं. घेण्याआधी आपल्या घरात हँडसेट जिथे जिथे न्यायचा तिथून बेसच्या जागेपर्यंत चालून बघा आणि वाटेतल्या भिंती मोजा. विटांची एक भिंत आणि चिऱ्याची एक भिंत यांत फार फरक आहे.

दुसरा हँडसेट मांगरात ठेवलाय. त्याच्या चार्जरला फोनची वायर लागत नाही, नुसता विजेचा प्लग पुरतो. हे मला घेईपर्यंत माहीत नव्हतं. पूर्वी गिऱ्हाइकाला थांबवून कोणीतरी मांगरात हाक मारायला पळायचं. आता ओटीवर फोन घ्यायचा, इंटरकॉमचं बटण दाबून मांगरात द्यायचा. एप्रिल-मेमध्ये दिवसाला 40-50 फोन येतात, तेव्हा याचं मोल कळलं. हँडसेट दोन असले तरी लाइन एकच, हे मात्र लक्षात ठेवा. मी ओटीवर बोलत असताना मांगरातून दुसरा फोन लावता येत नाही.

सासूबाईंना सवय व्हायला महिना गेला. त्यांचा पहिला प्रश्न, "अगो, हा ठेवायचा कुठे?" वायरचा रिसीव्हर खाली ठेवला की फोन बंद होतो, हे हाताला 40 वर्षांचं वळण. कॉर्डलेस मात्र बोलून झाल्यावर नुसता टेबलावर ठेवला तर बंद होत नाही, लाइन चालूच राहते. पहिल्या आठवड्यात दोनदा अख्खी दुपार आमचा फोन व्यस्त लागत होता. लाल बटण दाबा, असं सांगून उपयोग झाला नाही. सेटिंगमध्ये ऑटो टॉक चालू केलं तेव्हा जमलं. चार्जरवरून उचलला की फोन लागतो, परत चार्जरवर ठेवला की बंद. बटण दाबायचंच नाही. त्यांचा चार्जर पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि बोलून झालं की तिथेच ठेवायचा, एवढं एकच सांगितलं. घरात वडीलधारं माणूस असेल तर हे सेटिंग आहे का, दुकानात आधी विचारा. आमच्या संचात ते मुळात बंद होतं.

नावं साठवायची सोय फक्त इंग्रजी अक्षरांत आहे, याचं मला खरंच वाईट वाटलं. मराठी घरात वापरायच्या फोनवर देवनागरी असायला हवी. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून एक-एक आकडा जोडून दिला: 1 दाबून धरला की माझा मोबाइल, 2 वर नणंद, 3 वर डॉक्टर. आकड्यांशेजारी कागदाच्या चिकटपट्ट्या लावून मराठीत लिहिलंय. बटणं मोठी आणि टपोरी आहेत, अंधारात उजळतात, त्यामुळे चष्म्याशिवायही जमतं.

आणखी एक भानगड शून्याची. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी 0 लागतो. आमच्या पडद्यावर आलेला नंबर मात्र दहाच आकडी दिसतो. मिस्ड कॉलच्या यादीतून थेट लावला तर लागत नाही, रेकॉर्ड केलेली बाई बोलते. यादीतल्या नंबराआधी 0 घालता येतो, पण चार बटणं दाबावी लागतात. ऐन सीझनमध्ये चिडचिड होते. साठवलेले नंबर मी पहिल्यापासून 0 लावूनच साठवलेत.

बॅटऱ्या पातळ पेन्सिल सेलच्या आकाराच्या, 1.2 व्होल्टच्या, चार्ज होणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड. नव्या होत्या तेव्हा दिवसभर चार्जरबाहेर राहिल्या तरी चालायचं. मेमध्ये मांगरातला हँडसेट दुपारीच टूं-टूं करायला लागला. आमच्या गड्याने त्यात बाजारातले साधे सेल घातले. मला संध्याकाळी दिसलं आणि लगेच काढले. साधा सेल चार्जरवर चढला तर तापतो, गळतो, फुटूही शकतो. तसे कधीच घालू नका. नव्या 800 एमएएच क्षमतेच्या घातल्या आणि आता परत पूर्ण दिवस जातो.

पण निम्मा दोष बॅटरीचा नव्हताच. जुन्या बॅटऱ्या काढताना हँडसेटच्या बुडाकडे पाहिलं तर पितळी टिकल्यांवर हिरवट-काळा थर. आमची हवा खारी आणि दमट, मांगरात वर आंब्याचा चीक. चार्जरवर ठेवला की दिवा लागायचा, मग हलक्या हाताने जरा हलवला की विझायचा. म्हणजे रात्रभर तो ठेवलेला असायचा पण चार्ज होत नव्हता. मुलीच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन दोन्हीकडच्या टिकल्या घासल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या. आता दर पंधरा दिवसांनी करते. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता विजेचं. जुन्या तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट यायचे, म्हणून लाइट गेली तरी वायरचा फोन वाजायचा. कॉर्डलेसचा बेस लाइटवर चालतो, लाइट गेली की तो मुका, हँडसेटची बॅटरी भरलेली असली तरी. आणि फायबर आल्यापासून मोडेम बंद झाला की वायरचाही फोन बंद. आमच्याकडे जूनमध्ये लाइट रोज जाते, म्हणून मोडेम आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर घेतले. मोडेमसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण त्याच्या त्या वायरला बेस जोडू नका. आमच्या बेसचा अ‍ॅडॅप्टर साडेसहा व्होल्टचा आहे. बेसवर लिहिलेले व्होल्ट बघूनच काय ते जोडा.

विजांचीही भीती आहे. आमचे आधीचे दोन फोन वळवाच्या गडगडाटात तांब्याच्या तारेतून आलेल्या विजेने जळाले. फायबरच्या काचेच्या तारेतून ती येत नाही, पण प्लगातून येऊ शकते. ढग वाजायला लागले की मी बेसचा अ‍ॅडॅप्टर काढते.

आवाजाबद्दल तक्रार नाही. स्पीकरवर थोडा पोकळ येतो, कानाला लावून उत्तम. घंटा कमी पडते. पंप चालू असला तर मांगरात ऐकू येत नाही, म्हणून गडी हँडसेट कमरेला अडकवतो. बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण आम्ही रोज वापरतो. सासूबाईंचा हँडसेट कधी देवघरात, कधी तुळशीच्या कट्ट्यावर.

जुना वायरचा फोन मी टाकलेला नाही. एका वायरीच्या दोन करणारी टू-वे जोडणी घालून तो माजघरात लावून ठेवलाय. गडगडाटात बेस काढला की मोडेम इन्व्हर्टरवर चालूच असतो, आणि तेवढा वेळ तोच वाजतो. तेव्हा तो मी किंवा मुलगी उचलते. सासूबाई पलंगावरून हाक मारून विचारतात, कोणाचा होता.