फर्स्ट इयरचं डिजिटल दप्तर: नाशिकच्या कॉलेजांत काय वापरावं आणि कुठे अडतं

अ‍ॅडमिशन पक्कं झालं की पहिल्याच आठवड्यात क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंकांचा मारा सुरू होतो. एबीसी आयडी काढा, क्लासरूम जॉइन करा, स्वयमवर नाव नोंदवा. यातली जवळपास सगळी साधनं मोफत आहेत आणि बरीचशी खरोखर चांगली आहेत. मुलं अडतात ती आत शिरतानाच: भलताच ई-मेल, बंद पडलेला मोबाइल नंबर, कागदोपत्री न जुळणारं नाव. आणि ग्रुपवर आपोआप येऊन पडतं त्यापेक्षा काउंटरवर जाऊन मागावं लागतं ते जास्त मोलाचं निघतं. हे परीक्षण त्याच नजरेने केलं आहे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या कला, वाणिज्य, विज्ञानच्या मुलांना ते जास्त लागू पडेल, इंजिनिअरिंगवाल्यांना थोडं कमी. पेठ, सुरगाणा, कळवणहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्यांना मात्र सगळ्यात जास्त, कारण त्यांना सुट्टीत घरी गेल्यावर रेंज मिळेलच असं नाही.

एबीसी आयडी टाळता येत नाही, म्हणून तो आधी उरकून टाका. एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. तिथे तुमची क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, जमा होतात आणि त्या खात्याचा क्रमांक १२ अंकी असतो. शाळेत किंवा ज्युनिअरला ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक काढलेला असेल तर नवीन काढायला धावू नका. डिजिलॉकरमध्ये शिरून ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’ बघा, कार्ड बहुधा तिथेच सापडतं. नसेल तर तिथूनच काढा. प्रवेशाचं वर्ष, ओळखीचा प्रकार आणि संस्था एवढंच भरायचं असतं. संस्थेच्या यादीत कॉलेजचं नाव सापडत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. संलग्न कॉलेजातल्या विद्यार्थ्याने विद्यापीठ निवडायचं, म्हणजे इथल्या बहुतेकांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. पहिला मोबाइल नंबरचा. डिजिलॉकरचं खातं पूर्वी कधीतरी सायबर कॅफेत काढलेलं असतं आणि ओटीपी जातो कॅफेवाल्याच्या नाहीतर वडिलांच्या जुन्या नंबरवर. आधारला स्वतःचा चालू नंबर जोडून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा ते काम आधार केंद्रावर जाऊन आधी करा. दुसरा घोळ नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. क्रमातला फरक ऑफिसमधल्या लोकांना रोजचाच आहे. त्रास देतं ते स्पेलिंग. वडिलांच्या नावाच्या शेवटी एका कागदावर ‘ए’ अक्षर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून नोंद जुळत नाही. दुरुस्ती करायची झाली तर गुणपत्रिका प्रमाण मानून आधार बदलणं सोपं पडतं. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून फॉर्मवरचं एकेक अक्षर गुणपत्रिका शेजारी ठेवून तपासा.

गूगल क्लासरूम वापरायला सोपं आहे आणि तरीही पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त मार्क तिथेच वाया जातात. कॉलेजने स्वतःच्या डोमेनचा ई-मेल दिला असेल तर क्लासकोड त्याच खात्यातून टाकायचा. खाजगी जीमेलवरून टाकला तर ‘क्लास सापडत नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं आणि मुलं कोड चुकीचा आहे म्हणून सरांना फोन करत बसतात. वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवून खातं बदललं की काम होतं.

असाइनमेंट जोडली म्हणजे दिली असं नाही. फाइल जोडल्यावर ‘टर्न इन’ दाबावं लागतं. ते राहिलं तर फाइल तुमच्या पानावर दिसत राहते, पण मुदत संपताच पुढे ‘मिसिंग’ लागतं. एखादी चूक सापडली म्हणून मुदतीच्या तोंडावर ‘अनसबमिट’ करून परत देणारे तर हमखास अडकतात, कारण नोंद दुसऱ्या वेळेची होते आणि दोन मिनिटं उशीर झाला तरी ‘लेट’ छापून येतं. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. ड्राइव्हमधली फाइल ‘अ‍ॅड’ करून जोडली की शिक्षकांना ती आपोआप उघडता येते. तीच फाइल लिंक म्हणून प्रतिसादात चिकटवली तर तिच्यावर तुमचं कुलूप तसंच राहतं. शिक्षकांना ‘रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस’ दिसतं आणि साठ-सत्तर वह्या तपासणारे शिक्षक प्रत्येकाला परवानगी मागत बसत नाहीत. हाताने लिहिलेली पानं असतील तर अ‍ॅपमधल्या कॅमेऱ्यानेच ओळीने काढा. सगळ्या पानांची एकच पीडीएफ होते. बारा सुटे फोटो पाठवले तर क्रम उलटसुलट होतो.

कॅम्पसच्या वाय-फायबद्दल थोडक्यात. लॉगिनचं पान उघडत नसेल तर फोनमधला ‘प्रायव्हेट डीएनएस’ आणि व्हीपीएन बंद करून बघा. काही कॉलेजांत फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कसाठीचा ओळख क्रमांक, नोंदवून घेतात. तिथे वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘रँडमाइज्ड मॅक’ ऐवजी ‘डिव्हाइस मॅक’ निवडावं लागतं, नाहीतर नोंदणी करूनही फोन अनोळखीच राहतो.

आता स्वयम आणि एनपीटीईएल. एनपीटीईएल हा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम २००३ साली आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून सुरू केला. स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं २०१७ पासूनचं सरकारी व्यासपीठ आणि एनपीटीईएलचे कोर्स आता त्यावरूनच चालतात. शिकवण्याचा दर्जा उत्तम आहे, यात शंका नाही. पण ‘मोफत कोर्स’ एवढंच ऐकून उडी मारू नका. व्हिडिओ आणि असाइनमेंट मोफत आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचा वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि एनपीटीईएलसाठी दर कोर्समागे १००० रुपये शुल्क असतं. परीक्षा घरी बसून होत नाही, केंद्रावर जाऊन संगणकावर द्यावी लागते. केंद्रातल्या जागा मोजक्याच असतात, म्हणून फॉर्म सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसांतच शहर निवडून मोकळं व्हा. उशीर केला की पुणे नाहीतर मुंबई गाठायची वेळ येते.

मार्कांचं गणित नीट बघा. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी धरतात. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. एखाद्याने असाइनमेंटमध्ये पैकीच्या पैकी २५ मिळवले आणि परीक्षेत २८, तर बेरीज ५३ होते, तरी प्रमाणपत्र मिळत नाही. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात, त्यावर विसंबणाऱ्यांचं नेमकं इथेच फसतं. मुदतीआधी असाइनमेंट कितीही वेळा देता येते आणि शेवटची धरली जाते. म्हणून आठवडा सुरू होताच जमेल तेवढं एकदा भरून टाका आणि व्हिडिओ बघून झाल्यावर सुधारा. मुदतीच्या रात्री नेट गेलं तरी शून्य पडत नाही. हे सगळे आकडे एनपीटीईएलचे आहेत, स्वयमवरच्या इतर संस्थांच्या कोर्सना वेगळे निकष लागतात.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स स्वयममधून घेता येतात. पण तुमचं कॉलेज नेमक्या कोणत्या कोर्सला मान्यता देतं, हे विभागप्रमुखांना आधी विचारा, शुल्क नंतर भरा. फर्स्ट इयरच्या पहिल्याच सत्रात बारा आठवड्यांचा कोर्स घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार नाहीतर आठ आठवड्यांचा घ्या. इंग्रजी व्याख्यान कानावरून जात असेल तर व्याख्यानाचा लेखी मजकूर डाउनलोड करून शेजारी ठेवा. काही कोर्सचा मजकूर मराठीतही मिळतो.

मराठीतून शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरिअल जरूर वापरा. पायथन, सी, लिबरऑफिस अशा विषयांवर साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि बरेचसे मराठी आवाजात आहेत. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा, उरलेल्या अर्ध्यात तेच सॉफ्टवेअर, आणि थांबवत थांबवत स्वतः करून बघायचं, अशी त्याची पद्धत. नुसतं पाहून सोडलं तर फारसं हाती लागत नाही. विज्ञानाच्या मुलांनी प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी व्हर्च्युअल लॅब्ज या संकेतस्थळावर तोच प्रयोग उघडावा. प्रीटेस्टपासून सिम्युलेशनपर्यंत अर्धा तास लागतो. व्हर्नियर कसं वाचायचं हे आधीच डोळ्यांखालून गेलं की लॅबमधला वेळ रीडिंग घेण्यात जातो. हाताला सवय मात्र लॅबमध्येच होते, तिथे हे साधन उपयोगाचं नाही.

आणि आता जे मागावं लागतं ते. गुजरातेतल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट नावाची सेवा आहे. सदस्य असलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला त्यावरून ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वाचायला मिळतात, कॅम्पसवरच असण्याची गरज नाही. विद्यार्थ्याला वेगळे पैसे पडत नाहीत. आम्ही पाहिलेल्या सगळ्या सुविधांमध्ये हिला पहिला क्रमांक देऊ. तरी ती सर्वांत कमी वापरली जाते, कारण तिची लिंक ग्रुपवर टाकून भागत नाही. ग्रंथालयात जाऊन नाव, वर्ग आणि ई-मेल द्यायचा. ग्रंथपाल खातं उघडतात आणि युजर आयडी-पासवर्ड ई-मेलवर येतो, पुष्कळदा स्पॅममध्ये. रोज उघडत नाही असा ई-मेल देऊ नका. आत गेल्यावर थेट पुस्तकाचं नाव टाकण्याऐवजी अभ्यासक्रमातल्या घटकाचं इंग्रजी नाव टाका. क्रमिक पुस्तक नसलं तरी त्या घटकावरचं एखादं चांगलं प्रकरण सापडतं. हवं तेवढंच उतरवून घ्या. अख्खी पुस्तकं सपाट्याने डाउनलोड केली तर प्रकाशक प्रवेश रोखतात आणि फटका सगळ्या कॉलेजला बसतो. पासवर्ड मित्राला न देण्याचं कारणही तेच.

इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटच्या कॉलेजांना एन-लिस्ट लागू नाही. तिथे डेलनेट किंवा कॉलेजने घेतलेली दुसरी वर्गणी असते. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं आहे, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. आपल्याकडे यातलं काय आहे, एवढा एकच प्रश्न ग्रंथपालांना विचारला की पुरतो. कॉलेजकडे काहीच नसेल तर आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी कुणालाही खुली आहे. साठा अफाट आहे, शोध मात्र विस्कळीत. निम्मे निकाल दुसऱ्याच संकेतस्थळावर नेऊन कुलूप दाखवतात. विषय आणि भाषेचे फिल्टर लावल्याशिवाय तिथे वेळ घालवू नका.

छापील पुस्तकांसाठी ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची सूची, शिकून घ्या. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर वरचा आकडा विषयाचा असतो: अकाउंटन्सी ६५७, रसायनशास्त्र ५४०, मराठी साहित्य ८९१.४६. खाली लेखकाच्या नावाची अक्षरं. आकडा एकदा कळला की शेजारची पाच पुस्तकंही दिसतात आणि सुचवलेलं पुस्तक दुसऱ्याने नेलेलं असलं तरी रिकाम्या हाताने परतावं लागत नाही. मराठी पुस्तक सापडलं नाही तर देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधा, आणि टोपणनावाने नाही मिळालं तर मूळ आडनावाने. कुसुमाग्रज टाकून पान रिकामं आलं तर शिरवाडकर टाका. नोंद करणाऱ्याने कोणतं नाव धरलं, यावर सगळं अवलंबून असतं.

याच काउंटरवर आणखी दोन गोष्टी विचारा. बुक बँकेतून पूर्ण सत्रासाठी संच मिळतो का, आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची फाइल कुठे आहे. बुक बँकेचे संच मर्यादित असतात आणि पहिल्या पंधरवड्यातच संपतात. डिपॉझिटची पावती फोनमध्ये फोटो काढून ठेवा. तीन वर्षांनी ‘नो ड्यूज’च्या वेळी मूळ पावतीची शाई उडालेली असते.

चॅटबॉटबद्दलही विचारणा होते. अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला, स्वतःची तोंडी परीक्षा घ्यायला ते चांगले आहेत. संदर्भयादी त्यांच्याकडून करून घेऊ नका. अस्तित्वात नसलेल्या लेखांची नावं ते बिनदिक्कत देतात. प्रत्येक नाव गूगल स्कॉलरवर टाकून बघा, तिथे नसेल तर खोडा.

बाहेरगावाहून रोज ये-जा करणाऱ्यांसाठी एसटीचा विद्यार्थी मासिक पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो, त्यासाठी कॉलेजचं बोनाफाइड लागतं. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. सिन्नर, निफाडकडच्या पालकांची एफवायला आल्यावर इथे हमखास गफलत होते, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा. बोनाफाइडच्या दोन-तीन प्रती एकदमच काढा, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीलाही तेच लागतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती जमा होते ती आधार ‘सीड’ केलेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधारशी नोंदवलेल्या, खात्यात. आधार अनेक खात्यांना जोडलेलं असलं तरी पैसे शेवटी सीड केलेल्या बँकेतच जातात. कोणती बँक आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये फॉर्म भरण्याआधी बघून घ्या.

शेवटचा मुद्दा अभ्यासाच्या जागेचा. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या खाजगी अभ्यासिकांमध्ये महिन्याचे पैसे भरण्यापूर्वी कॉलेजच्या रीडिंग रूमची वेळ विचारा. परीक्षेच्या काळात बऱ्याच ठिकाणी ती वाढवतात, पण सूचना फक्त ग्रंथालयाच्या फलकावर लागते. शालिमारजवळचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासूनचं आहे. कॉलेजात न मिळणारी जुनी मराठी पुस्तकं तिथे मिळण्याची शक्यता जास्त. सभासदत्वाचे पैसे वेगळे भरावे लागतात, तरी भाषा आणि इतिहासाच्या मुलांनी ते अवश्य घ्यावं. वाणिज्य आणि विज्ञानच्या मुलांचं काम कॉलेजच्या ग्रंथालयात भागतं.