नाव दिसलं, पण तिकीट निघालंच नव्हतं

महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी 31 वर्षं चावीवाला होतो. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उजनीची लाइन फुटली की आणखी लांबतं. पेठेत चावी फिरवायला गेलो की घागरी घेऊन उभ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या. ऑफिसात एका कॅलेंडरवर आफ्रिकेतल्या, झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याचं चित्र होतं. तेव्हापासून तो डोक्यात बसला. अख्खी झांबेझी नदी 1,708 मीटर रुंदीनं, 108 मीटर खाली कोसळते. तिथले लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या म्हणतात, म्हणजे गर्जणारा धूर. 1855 साली लिव्हिंगस्टन या ब्रिटिश प्रवाशानं त्याला आपल्या राणीचं नाव दिलं, पण मला जुनंच नाव आवडतं. रिटायर झाल्यावर बायकोला म्हणालो, एकदा तो धूर अंगावर घेऊन यायचा.

एजंट ओळखीतूनच मिळाला. घरी आला, शेंगाचटणी-भाकरी खाऊन गेला. "काका, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी सगळं माझ्यावर सोडा." दोघांचे 3,40,000 ठरले. तो म्हणाला, नोव्हेंबरात स्वस्त पडेल, पाणीही भरपूर असतं. मी म्हणालो, अहो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर पाणी सगळ्यात कमी, झांबियाच्या बाजूला नुसता कातळ दिसतो. पाणी बघायचं तर एप्रिल. "अभ्यास दांडगा आहे की ओ तुमचा," म्हणून हसला. जो माणूस तिथल्या सहली विकतो त्याला तिथलं पाणी कधी चढतं हे ठाऊक नाही, हे मला तिथंच खटकायला हवं होतं. मला उलट आपलं कौतुक झाल्याचं बरं वाटलं.

पैसे तीन हप्त्यांत गेले, एकूण 2,60,000. सगळे यूपीआयनं, त्याच्या स्वतःच्या बचत खात्यावर. पावती व्हॉट्सॲपवर. पॅन त्यानं कधी मागितलाच नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा कर, घेतला जातो आणि तो आपल्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या कराच्या उताऱ्यात दिसतो, हे मला नंतर कळलं. एजंट पॅन मागत नसेल तर त्याला व्यवहार कागदावर आणायचाच नाही असं समजा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे लिहितोय. दुसऱ्या हप्त्यानंतर त्यानं विमानाच्या तिकिटांची प्रिंट दिली. मुलानं लगेच विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, टाकला. आमच्या दोघांची नावं, तारीख, सगळं आलं. आम्ही बिनघोर झालो. पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. सीट नुसती धरून ठेवली तरी पीएनआर तयार होतो. मुदतीत पैसे भरले नाहीत की ते बुकिंग आपोआप रद्द होतं. पैसे भरून तिकीट निघालं की प्रत्येक प्रवाशाचा 13 आकडी तिकीट नंबर येतो. आमच्या प्रिंटवर नावाच्या खाली त्या नंबरचा रकाना होता आणि तो कोरा होता. ती प्रिंट महिनाभर देवघराशेजारी ठेवली होती, रोज बघत होतो, पण त्या रकान्याकडं लक्ष गेलं नाही.

निघायच्या पाच दिवस आधी त्यानं हॉटेलसाठी म्हणून तिसरा हप्ता घेतला, 60,000. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं सहज पीएनआर टाकला, तर बुकिंगच सापडेना. एजंटचा फोन बंद. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं मुंबईचं रिझर्व्हेशन रद्द करताना बायको एक शब्द बोलली नाही. एप्रिलच्या उन्हात दुकानदाराला माळ्यावरून काढायला लावून तिनं दोन रेनकोट आणले होते.

त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. शेवटच्या हप्त्यातले थोडे पैसे गोठवले गेले, ते अजून हातात आलेले नाहीत. आधीचे दोन हप्ते केव्हाच काढून घेतलेले. पोलिसांत तक्रार दिली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

पोलीस ठाण्याच्या बाकावर आणखी दोन कुटुंबं भेटली. एकांना स्वित्झर्लंड दाखवलं होतं, दुसऱ्यांना बाली. तिघांच्याही प्रिंटवर तो रकाना कोराच. सोलापुरात आणखी कुणाकडं अशी प्रिंट असेल तर आजच काढून बघा, आणि रकाना कोरा असेल तर पुढचा हप्ता देऊ नका. पैसे गेले असतील तर लाजून घरात बसू नका, पोलिसांत या. व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका, आमच्याकडं तेवढाच पुरावा आहे.