फॅमिलीसर्च ग्रंथालय, सॉल्ट लेक सिटी: वंशावळींची सेवा आणि मॉर्मनांविषयीचे समज

अमेरिकेत आपल्या घराण्याचा शोध घेऊ पाहणाऱ्याला युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या फॅमिलीसर्च ग्रंथालयात जाण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि त्याच्या पाठोपाठ बहुधा एक इशाराही मिळतो. ते ग्रंथालय मॉर्मनांचे (अमेरिकेत उदयाला आलेल्या एका धर्मपंथाचे) आहे, तिथे गेलात तर तुम्हाला धर्मात ओढतील, तुमच्या मृत आजी-आजोबांचा बाप्तिस्मा करून टाकतील, आणि अनेक बायका करणाऱ्या लोकांच्या हाती आपल्या घराण्याची माहिती कशाला द्यायची, असे त्या इशाऱ्याचे एकंदर स्वरूप असते. त्यामुळे या ग्रंथालयाचे परीक्षण लिहिताना केवळ संगणक आणि कपाटे यांविषयी लिहून भागणार नाही, कारण तिथे जायचे की नाही हे अनेक जण या समजुतींवरूनच ठरवतात. माझे मत आधीच सांगते. ही सेवा फार उत्तम आहे, तिच्याविषयीचे बहुतेक समज चुकीचे आहेत, आणि जो एक आक्षेप खरा आहे तो नीट समजून घेऊनच आत जावे.

ग्रंथालय टेम्पल स्क्वेअरच्या पश्चिमेला, रस्ता ओलांडला की लगेच लागते. इमारतीचे पाच मजले आहेत आणि त्यांतले दोन जमिनीखाली आहेत. ही वास्तू १९८५ साली खुली झाली, परंतु संस्थेचे मूळ १८९४ मध्ये स्थापन झालेल्या जीनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ युटापर्यंत जाते. या संस्थेने १९३८ पासून देशोदेशींची चर्चे, न्यायालये आणि सरकारी दप्तरे यांतील नोंदी मायक्रोफिल्मवर उतरवून घेतल्या. त्या फिल्मची सुमारे २४ लाख रिळे शहराच्या आग्नेयेला, लिटल कॉटनवुड कॅन्यनमध्ये ग्रॅनाइटचा डोंगर कोरून केलेल्या भांडारात ठेवलेली आहेत, आणि त्यांचे डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण झाले. कित्येक गावांची मूळ दप्तरे युद्धात, आगीत किंवा पुरात नष्ट होत असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

प्रवेशाला शुल्क नाही, सदस्यत्वाची अट नाही आणि धर्म कोणता हे कोणी विचारत नाही. संगणकावर काम करण्यासाठी एक विनामूल्य खाते उघडावे लागते, एवढेच. बसण्याच्या जागा प्रशस्त आहेत आणि बऱ्याच मेजांवर एकाहून अधिक पडदे असल्यामुळे एका पडद्यावर मूळ नोंदीचे छायाचित्र व दुसऱ्यावर आपली टिपणे असे सोयीने मांडता येते. तरीही या ग्रंथालयाचे खरे वैभव तिथली मदत करणारी माणसे हेच आहे. त्यांत पगारी तज्ज्ञ आहेत तसे स्वयंसेवकही आहेत, आणि चर्चच्या सेवेत काही काळ घालवणारे निवृत्त स्त्री-पुरुष तर मोठ्या संख्येने आहेत. एका जर्मन पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, बाप्तिस्मा-नोंदीपाशी मी अडले होते. छातीवर नावाचा काळा बिल्ला लावलेल्या एक वयस्कर बाई शेजारी येऊन बसल्या आणि जुन्या जर्मन वळणात ‘e’ हे अक्षर जवळजवळ ‘n’सारखे दिसते, हे त्यांनी त्या पानावरची पाच-सहा नावे बोटाने दाखवत समजावून दिले. त्यानंतर जे आडनाव मी अशक्य म्हणून सोडून दिले होते ते सरळ वाचता आले. त्यांच्या श्रद्धेविषयी मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी उत्तर दिले. आपणहून त्यांनी विषय काढला नाही. ‘धर्मात ओढतील’ या भीतीबद्दल मला एवढेच सांगायचे आहे. हे चर्च धर्मप्रसार करते आणि त्याचे हजारो तरुण प्रचारक जगभर फिरतात, परंतु वाचनाच्या मेजापाशी ते काम चालत नाही.

मग एखादे चर्च एवढा खर्च आणि श्रम इतरांच्या पूर्वजांसाठी का करते, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता द्यायला हवे. ज्याला आपण मॉर्मन धर्म म्हणतो त्या चर्चचे पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे, आणि २०१८ पासून त्याचे नेते तेच नाव वापरण्याचा आग्रह धरत आहेत. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केले. कुटुंबाचे नाते मृत्यूपाशी तुटत नाही, टेम्पलमध्ये (पवित्र विधींसाठी बांधलेल्या खास मंदिरात) विधिपूर्वक जोडलेले पती-पत्नी आणि मुले अनंतकाळ एकत्र राहतात, अशी या लोकांची दृढ श्रद्धा आहे. ज्या पूर्वजांना जिवंतपणी हा विधी मिळाला नाही त्यांच्यासाठी त्यांचे वंशज तो करतात, आणि त्यासाठी पूर्वजाचे नाव, गाव व तारखा अचूक माहीत असाव्या लागतात. ग्रंथालयाचा जन्म या गरजेतून झाला.

मृतांसाठीच्या बाप्तिस्म्याविषयी बाहेर जे बोलले जाते त्यातले बरेच ऐकून अंगावर काटा येतो, पण ते खरे नसते. या विधीत शव नसते, अस्थी नसतात, थडग्याशी त्याचा संबंध नसतो. टेम्पलमधल्या पाण्याच्या कुंडात एक जिवंत सदस्य मृताच्या वतीने बुडी घेतो. नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात मृतांसाठीच्या बाप्तिस्म्याचा जो उल्लेख येतो, त्याचा ते आधार देतात. मृताचा आत्मा हा विधी स्वीकारायला किंवा नाकारायला स्वतंत्र असतो असे त्यांचे मत आहे, आणि अशा मृतांची गणना चर्चच्या सदस्यसंख्येत होत नाही. ज्याची या सिद्धान्तावर श्रद्धा नाही त्याच्या दृष्टीने या विधीने काहीच बदलत नाही, आणि ज्याची आहे त्याच्या दृष्टीने तो प्रेमाने दिलेला एक प्रस्ताव आहे.

तरीही इथेच तो खरा आक्षेप उभा राहतो. नाझींनी केवळ ज्यू असल्याच्या कारणावरून ज्यांना ठार केले, त्यांची नावे या विधींसाठी वापरली गेल्याचे उघड झाले तेव्हा ज्यू समाज अतिशय दुखावला, आणि ते दुःख कोणत्याही ईश्वरशास्त्रीय खुलाशाने कमी होणारे नव्हते. १९९५ मध्ये चर्चने ज्यू संघटनांशी करार करून हा प्रकार थांबवण्याचे मान्य केले. असे असूनही २०१२ मध्ये अ‍ॅन फ्रँकचे नाव पुन्हा वापरले गेल्याची बातमी आली आणि चर्चच्या नेत्यांना आपल्या सदस्यांना कडक सूचना द्याव्या लागल्या. त्याआधी २००८ मध्ये व्हॅटिकनने कॅथलिक बिशपांना कळवले होते की पॅरिशच्या नोंदी या संस्थेला देऊ नयेत. आजचा नियम असा आहे की सदस्याने आपल्याच पूर्वजांची नावे द्यावीत, आणि गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या मृत व्यक्तीसाठी निकटच्या हयात नातेवाइकाची परवानगी घ्यावी. नियम चांगला आहे. परंतु एखाद्या पूर्वजासाठी विधी झाला की नाही, ही माहिती सदस्य नसलेल्या वाचकाच्या खात्यात दिसत नाही, आणि ही व्यवस्था मला मुळीच पटत नाही. ज्या घराण्याचे नाव आहे त्या घराण्याला ते पाहण्याचा अधिकार असायला हवा. ती माहिती खुली केली तर संशयाचे निम्मे कारण उरणार नाही.

बहुपत्नीकत्वाविषयीची समजूत सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट आहे, आणि तिचा खरेखोटेपणा तपासायला या ग्रंथालयाइतकी चांगली जागा नाही. १८८० ची अमेरिकी जनगणना उघडावी. कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचे नाते काय, हा रकाना त्या जनगणनेत प्रथमच आला. युटाची पाने चाळताना एकाच पुरुषाच्या नावाखाली ‘पत्नी’ हा शब्द दोनदा लिहिलेला आढळतो, आणि त्याखाली दोघींच्या मुलांची नावे वयानुसार लागतात. चर्चने ही प्रथा १८५२ मध्ये जाहीरपणे मान्य केली. चर्चच्याच एका निबंधानुसार १८७० च्या सुमारास युटातील २५ ते ३० टक्के सदस्य बहुपत्नीक कुटुंबांत राहत होते आणि अशा पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना एका वेळी दोनच बायका होत्या. म्हणजे ही प्रथा नगण्य नव्हती, तशीच ती सर्वांचीही नव्हती. पुढे संघराज्य सरकारने कायदे कडक केले, पुरुषांना तुरुंगात टाकले, चर्चची मालमत्ता जप्त केली, आणि १८९० मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून नवे बहुपत्नीक विवाह थांबवण्याची घोषणा केली. ते लगेच पूर्ण थांबले नाहीत, म्हणून १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला आणि त्यानंतर असा विवाह करणाऱ्याला चर्चमधून काढले जाऊ लागले. संशोधकाला खटकणारी गोष्ट अशी की १८९० च्या जनगणनेची बहुतेक पाने १९२१ च्या आगीमुळे कायमची गेली, त्यामुळे नेमक्या या वळणावर पुरावा तुटतो आणि १८८० वरून एकदम १९०० वर उडी मारावी लागते. आज बातम्यांत जे बहुपत्नीक पंथ दिसतात ते या चर्चपासून वेगळे झालेले गट आहेत. वॉरन जेफ्स ज्याचा प्रमुख होता तो त्यांपैकीच एक. १७० लाखांहून अधिक सदस्यसंख्या सांगणाऱ्या चर्चला त्यांच्यावरून ओळखणे हा उघड अन्याय आहे.

मात्र चर्चची बाजू घेणाऱ्यांनीही इतिहासाचे एक पान झाकू नये. १८५२ पासून जून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्य मिळत नव्हते आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना टेम्पलमधील प्रमुख विधींपासून दूर ठेवले जात होते. हा आरोप गैरसमजुतीतून आलेला नाही. ती वस्तुस्थिती आहे, आणि सामान्य सदस्यांपैकी अनेकांना तिचे दुःख आजही आहे. त्याच चर्चने फ्रीडमन्स बँकेच्या नोंदींची सूची तयार करून २००१ मध्ये प्रसिद्ध केली, हेही तितकेच खरे आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये निघालेली ही बँक १८७४ मध्ये बुडाली आणि हजारो गरीब कुटुंबांची ठेव गेली. परंतु खाते उघडताना अनेकांनी आई-वडील, भावंडे आणि जन्मगाव यांची नावे लिहून दिली होती. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावेच नोंदवली जात नव्हती, वय, लिंग आणि वर्ण एवढेच बहुधा लिहिले जाई. अशा परिस्थितीत विकल्या गेलेल्या बहिणीचे किंवा आईचे नाव बँकेच्या वहीतल्या एका ओळीत सापडते, तेव्हा त्या ओळीची किंमत कोणत्या शब्दांत सांगावी? ही सूची करण्याचे बरेचसे काम युटाच्या राज्य तुरुंगातील कैद्यांनी स्वेच्छेने केले. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांसाठी ही सेवा अमूल्य आहे, आणि १९७८ पूर्वीचा अन्याय तिने पुसला जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या आहेत असे मानूनच तिथे बसावे.

बाकीच्या समजुतींविषयी थोडक्यात सांगता येईल. मॉर्मन स्वतःला ख्रिस्तीच मानतात. निकेयाच्या धर्मपरिषदेतून आलेली त्रैक्याची मांडणी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर हे मत, ते स्वीकारत नाहीत, म्हणून इतर अनेक चर्चे त्यांना आपल्यात धरत नाहीत. हा मतभेद गंभीर आहे, पण त्याचा अर्थ ते ख्रिस्ताची उपासना करत नाहीत असा होत नाही. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू ते वर्ज्य मानतात. कॅफीन असलेली शीतपेये मात्र निषिद्ध नाहीत, असे चर्चने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता ग्रंथालयाच्या सेवेतल्या मर्यादांकडे वळते. फॅमिलीसर्चची वंशावळ ही सगळ्या जगासाठी एकच सामाईक वंशावळ आहे आणि मृत व्यक्तींच्या नोंदी कोणताही खातेधारक बदलू शकतो. या रचनेमुळे दूरचे नातेवाईक एकमेकांना सापडतात, परंतु एकाच नावाच्या दोन माणसांना कोणी घाईने एक करून टाकले तर ती चूक सगळ्यांच्या पानावर पसरते. म्हणून तिथला मजकूर केवळ सुगावा मानावा आणि प्रत्येक नात्याला मूळ दस्ताचा आधार शोधावा. दुसरे असे की संग्रहाचा भर उत्तर अमेरिका आणि युरोपवर आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांसारखे संग्रहही त्यात आहेत, पण नावांची सूची नसल्यास पाने एकेक करून पाहावी लागतात आणि त्यासाठी फार चिकाटी लागते. तिसरे, मूळ दप्तरखान्यांशी झालेल्या करारांमुळे काही छायाचित्रे घरून दिसत नाहीत. ती ग्रंथालयात किंवा संलग्न केंद्रांतच पाहता येतात.

जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी घरी बसून खाते उघडावे, ठाऊक असलेली नावे, गावे व तारखा कागदावर मांडाव्यात, आणि कोणत्या छायाचित्रांवर ‘फक्त केंद्रात उपलब्ध’ अशी खूण आहे हे पाहून त्यांची यादी करून न्यावी. तिथला वेळ त्याच यादीवर घालवावा, कारण उरलेले घरून करता येते. तज्ज्ञांशी दूरस्थ पद्धतीने विनामूल्य बोलण्याचीही सोय आहे, तिचा लाभ प्रवासाआधी घेतल्यास पुष्कळ श्रम वाचतात. हयात नातेवाइकांची माहिती सामाईक वंशावळीत इतरांना दिसत नाही, त्यामुळे ती चिंता नसावी. परंतु नुकत्याच वारलेल्या व्यक्तीची नोंद करण्याआधी घरच्यांना विचारून घ्यावे. रविवारी ग्रंथालय बंद असते.