दुडकी की रवाल?

घोडा धावत नाही आणि नुसता चालतही नाही, त्या मधल्या वेगाला मराठीत दोन नावं आहेत. लिहिताना दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. स्वाराच्या कमरेला विचारा, फरक लगेच कळेल.

दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो, मग उलटी जोडी. दोन ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला खोगिरावर आपटी. म्हणून शिकलेला स्वार रिकिबीत पाय रोवून एका ठोक्याला उठतो, दुसऱ्याला बसतो. नवखा मात्र दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना तोंड वाकडं करतो.

रवालीत एका अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीनं पुढे येतात. पाठ उसळत नाही, फार तर किंचित डुलते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत ही चाल आढळते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा रंग, उंची बघतात तशी रवालही चालवून बघतात. लांबच्या पल्ल्याला मी डोळे मिटून रवाल घेईन. खडकाळ वाटेवर मात्र दुडकी बरी, पाय तिरपे पडत असल्यानं तोल नीट राहतो.

भाषेत दुडकीनं बाजी मारली आहे. ‘पोरगं दुडक्या चालीनं आलं’ असं कुणीही म्हणतं. रवाल अजून घोडेवाल्यांकडेच आहे. माणसाच्या ऐटदार, सैल चालीला ती शोभेल, पण वाचकाला ती समजावून सांगावी लागेल.