संगीत नाटक दूरचित्रवाणीवर: थेट प्रक्षेपण करावे की मुद्रण?

नागपुरातील एखाद्या नाट्यसंस्थेने ‘संगीत सौभद्र’ दूरचित्रवाणीवर आणायचे ठरवले, तर तिच्यापुढे तीन मार्ग असतात: भरल्या सभागृहातून थेट प्रक्षेपण, प्रेक्षकांविना स्टुडिओतून थेट प्रक्षेपण, किंवा सभागृहातील प्रयोगांचे मुद्रण (रेकॉर्डिंग) आणि सवडीने प्रसारण. खर्चाची चर्चा पहिल्याच बैठकीत होते. पदांचा, म्हणजे नाटकातल्या गाण्यांचा, विचार मागे पडतो, आणि खरी अडचण तिथेच असते.

पद किती रंगवायचे हे गायक नट आणि समोरचे रसिक मिळून ठरवतात. ‘वन्स मोअर’ मिळाला की प्रयोग लांबतो, पण वाहिनीचे वेळापत्रक लांबत नाही. त्याहून कठीण प्रश्न ध्वनीचा आहे. नाट्यपदाला दाद शेवटीच मिळते असे नाही. एखादी तान समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आली की मध्येच टाळ्या पडतात, आणि त्या टिपण्यासाठी प्रेक्षागृहातील मायक्रोफोन त्याच क्षणी उघडावे लागतात. मात्र आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून साडेतेरा मीटरवरच्या मायक्रोफोनपर्यंत तो सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रचौकटींच्या) चित्रणातील एका फ्रेमने उशिरा पोहोचतो. रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागेत हे अंतर सहज वाढते आणि रंगमंचावरच्या मायक्रोफोनने आधीच टिपलेले तेच पद घुमल्यासारखे दुहेरी ऐकू येते. मुद्रणात प्रत्येक मायक्रोफोनचा ट्रॅक वेगळा ठेवून तो नंतर जुळवता येतो. थेट प्रक्षेपणात ध्वनिसंयोजकाला एकच संधी मिळते. (मे महिन्यात तालमीच्या जागी कूलर चालू ठेवून घेतलेल्या ध्वनिचाचणीवर कोणीही विसंबू नये.)

स्टुडिओत आवाज स्वच्छ मिळतो, पण दाद नाहीशी होते. ऑर्गनवादक गायकाच्या चेहऱ्याकडे पाहून साथ करतो, आणि स्टुडिओत नेमका त्या दोघांच्या मध्ये कॅमेरा येतो. अमेरिकेत २०१३ मध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हे संगीतनाट्य प्रेक्षकांविना थेट दाखवले गेले; २०१६ च्या ‘ग्रीस’च्या थेट प्रक्षेपणात मात्र प्रेक्षक होते. संवादप्रधान नाटकाला स्टुडिओ कदाचित मानवेल, संगीत नाटकाला तो कोरडाच वाटतो.

म्हणून माझा कौल मुद्रणाला आहे. दोन प्रयोग प्रेक्षकांसमोर चित्रित करावेत आणि जवळची दृश्ये रिकाम्या सभागृहात स्वतंत्रपणे घ्यावीत. ‘हॅमिल्टन’ या अमेरिकी संगीतनाट्याचे २०१६ मधील चित्रीकरण साधारण याच पद्धतीने झाले होते. जवळच्या दृश्यांसाठी रंगभूषा हलकी ठेवता येते. नाहीतर शेवटच्या रांगेसाठी रेखलेल्या भुवया टीव्हीवर भडक दिसतात आणि रंगमंचावरील रंगवलेल्या पडद्यावरचे कुंचल्याचे फटकारेही लपत नाहीत. वाहिनीने थेट प्रक्षेपणाचाच आग्रह धरला, तर रंगीत तालमीचे पूर्ण मुद्रण हाताशी ठेवावे. २०१९ मध्ये ‘रेंट’ या अमेरिकी संगीतनाट्याच्या थेट प्रक्षेपणाआधी रंगीत तालमीत एका प्रमुख नटाचा पाय मोडला आणि प्रेक्षकांना बहुतांश त्या तालमीचेच मुद्रण पाहावे लागले.

नाटकाची निवडही याच वेळी करावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले, त्यामुळे ‘सौभद्र’च्या संहितेला अडचण नाही. नागपूरकर पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ घ्यायचे असल्यास मात्र संहितेची आणि संगीताची परवानगी वेगवेगळी मिळवावी लागेल. तीत दूरचित्रवाणीबरोबर इंटरनेटवरील प्रसारणाचाही स्पष्ट उल्लेख करून घ्यावा, कारण रंगमंचीय प्रयोगाच्या परवानगीत यांपैकी काहीही आपोआप येत नाही.