डिलीटही होईना, नावही बदलेना: चेकडिस्क, फॉरमॅट, अनलॉकर की लिनक्स?

लग्नसराईत नाशिकच्या गंगापूर रोडच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत विचारा, हा अनुभव नवा नाही. कॅमेऱ्याचं कार्ड संगणकाला लावावं तर फोल्डरमध्ये फोटोंच्या नावांऐवजी चौकटी, प्रश्नचिन्हं आणि परक्या लिपीतली अक्षरं. एकेका फाइलचा आकार अख्ख्या कार्डापेक्षा मोठा, तारीख अजून न उजाडलेल्या सालातली. डिलीट दाबलं तरी नकार, नाव बदलायला गेलं तरी नकार. कॅनडा कॉर्नरच्या सीए ऑफिसात किंवा अंबडच्या कारखान्यात हीच अडचण येते, फक्त फोटोंच्या जागी हिशेब नाही तर ड्रॉइंग असतात.

पर्याय चार आहेत: डिस्कवरच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारं विंडोजमधलं चेकडिस्क, सगळं पुसणारं फॉरमॅट, अडकलेली फाइल सोडवणारा अनलॉकर आणि विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही प्रणाली. माझा कल आधीच सांगतो. कार्ड किंवा पेनड्राइव्ह असेल तर आतलं सगळं बाहेर काढून फॉरमॅट करा. संगणकाची स्वतःची डिस्क असेल तर बॅकअप घेऊन चेकडिस्क चालवा. लिनक्सचा उपयोग फाइल उडवण्यापेक्षा बाकीच्या फाइली वाचवायला जास्त. अनलॉकर बहुतेकांना लागतच नाही.

पण त्याआधी विंडोज नकार देताना नेमकं काय म्हणतंय ते वाचा. घाईत तो संदेश बंद करून लोक थेट उपायाकडे धावतात आणि साध्या दुखण्यावर मोठी शस्त्रक्रिया होते.

फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे असं म्हणत असेल, तर ती खराब नाही, अडकलेली आहे. अनलॉकर जातीचे प्रोग्राम फक्त इथेच कामाचे. तरीही मी ते उतरवून घ्यायला सांगणार नाही, कारण विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर हेच दाखवतो. त्यात सीपीयूच्या टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्सच्या शोधचौकटीत फाइलचं नाव टाका, कोणी धरून ठेवली आहे ते दिसतं. उजव्या क्लिकची सोय हवी असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमधलं फाइल लॉकस्मिथ आहे, तेही फुकट. व्हिडिओ फाइल असेल तर पुष्कळदा एक्सप्लोरर स्वतःच तिचं लहान चित्र काढायला धरून बसलेला असतो. प्रिव्ह्यू पेन बंद केला की सुटते. अनलॉकर मात्र जबरदस्तीने पकड सोडवतो. हिशेबाचा डेटा उघडा असताना असं केलं तर तोवर धड असलेली फाइल खरोखर बिघडू शकते. साधं रीस्टार्ट त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

परवानगी नाही असं म्हणत असेल तर प्रश्न मालकीचा. जुन्या संगणकातली डिस्क नव्याला जोडली की हमखास होतं. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन ओनर बदला, स्वतःला पूर्ण हक्क द्या, काम झालं.

तिसरा प्रकार मराठी माणसाच्या वाट्याला जरा जास्तच येतो. फोल्डर डोळ्यांसमोर दिसतंय, पण विंडोज म्हणतं की ते इथे नाहीच. नावाच्या शेवटी टिंब आहे का पाहा. ‘चि. सौ. कां.’ असं नाव दिलेलं फोल्डर ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर तयार झालं आणि डिस्कवर आलं, की विंडोज शोधताना शेवटचं टिंब गाळून टाकतं आणि टिंब नसलेलं फोल्डर शोधत बसतं. नावाच्या शेवटी मोकळी जागा राहिली तरी हेच. इथे चेकडिस्क किंवा फॉरमॅट करणं व्यर्थ आहे, कारण बिघाडच नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. फाइलसाठी डेल (del), फोल्डरसाठी आरडी आणि स्लॅश एस (rd /s). मग अवतरणचिन्हात पूर्ण पत्ता, पण पत्त्याच्या आधी दोन उलटे स्लॅश, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटा स्लॅश (\\?\). एवढ्या चार चिन्हांनी विंडोज नावाची काटछाट थांबवतं आणि नाव आहे तसं पुढे पाठवतं. कॉन, ऑक्स, नल ही डॉसच्या काळापासून राखीव असलेली नावं पडली असतील तरी हाच उपाय. पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला असेल तर आणखी सोपं: वरच्या फोल्डरांची नावं छोटी करा.

हे तिन्ही नसेल आणि संदेशात करप्टेड अँड अनरीडेबल असे शब्द असतील, किंवा सुरुवातीला सांगितल्यासारखी विचित्र नावं दिसत असतील, तर बिघाड खरा. कार्डावर फाइलींच्या नोंदी ठेवण्याची पद्धत सहसा फॅट ३२ किंवा एक्सफॅट असते. फॅट ३२ मध्ये प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची: नाव, तारीख, आकार आणि फाइल कुठून सुरू होते तो क्रमांक. लिहिणं चालू असताना कार्ड ओढलं किंवा वीज गेली की त्या जागी भलताच मजकूर पडतो, आणि विंडोज तोच नाव-तारीख समजून दाखवतं. म्हणून फाइल २०९० सालातली दिसते. अशा नावात चालत नाहीत अशी चिन्हं असतात, त्यामुळे ना ते पुसता येतं ना बदलता येतं. सातबाऱ्यावर गट नंबर चुकला तरी शेत जागेवरच असतं, तसे तुमचे फोटो बहुतेक वेळा कार्डावरच असतात. म्हणूनच इथे कुठला उपाय आधी आणि कुठला नंतर, यावर सगळं अवलंबून आहे.

चेकडिस्क नोंदी दुरुस्त करतं, फोटो वाचवणं हे त्याचं काम नाही. हा फरक दुकानात क्वचितच कोणी सांगतं. बिघडलेली नोंद ते काढून टाकतं, मालक नसलेले तुकडे फाउंड शून्य-शून्य-शून्य अशा लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि तुमच्या शेकडो फोटोंच्या जागी सीएचके नावाच्या फाइली उरतात. कधी त्यांचं शेवटचं नाव जेपीजी केलं की फोटो उघडतो, कधी फाइल अर्धवट निघते. म्हणून कार्डावर चेकडिस्कच्या आधी फोटोरेक चालवा. ते फुकट आहे, नोंदींकडे न बघता थेट फोटो शोधतं आणि सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर ठेवतं. मूळ नावं मिळत नाहीत, पण फोटो मिळतात.

ते हाती आलं की फॉरमॅट करायला बिचकू नका. दुरुस्त केलेल्या जुन्या नोंदींपेक्षा कोऱ्या नोंदींवर माझा भरवसा जास्त. एक मात्र बघा: क्विक फॉरमॅटची खूण काढली तर विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळीकडे शून्यं लिहिली जातात, मग काहीच परत येत नाही. क्विक केलं तर चुकून राहिलेलं काही नंतर शोधता येतं. कॅमेऱ्याचं कार्ड शेवटी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं.

संगणकाच्या सी ड्राइव्हवर फॉरमॅट म्हणजे विंडोज नव्याने टाकणं, त्यामुळे तिथे चेकडिस्कला पर्याय नाही. एनटीएफएस या विंडोजच्या डिस्कवरच्या नोंदपद्धतीवर ते बऱ्यापैकी विश्वासू आहे. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये chkdsk स्लॅश काहीच न लावता चालवा. ते फक्त पाहणी करतं, बदलत काही नाही. मग स्लॅश एफ. सी ड्राइव्हसाठी ते पुढच्या सुरुवातीला चालवू का असं विचारेल, हो म्हणा. स्लॅश आर खराब सेक्टर शोधायला अख्खी डिस्क वाचून काढतं, तासन्‌तास लागतात. डिस्क खटखट वाजत असेल किंवा फाइली उघडताना अडत असेल तर स्लॅश आरला हातही लावू नका. मरायला टेकलेल्या डिस्कचं उरलंसुरलं आयुष्य त्यातच संपतं. आधी डेटा काढा.

तो काढायला लिनक्सचा पेनड्राइव्ह उत्तम. उबुंटू हा लिनक्सचाच प्रकार, तो इन्स्टॉल न करता चालतो आणि विंडोज अडखळतं तिथूनही पुष्कळदा वाचून देतो. डिस्क खूपच थकलेली असेल तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यावी. पण फाइल उडवायला लिनक्स हा हुकमी उपाय नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर ती डिस्क लिनक्समध्ये सहसा फक्त वाचण्यापुरती उघडते, बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की लागते, आणि नोंदच फुटलेली असेल तर तिथेही इनपुट-आउटपुट एरर येतो.

आता एक खूण, जिच्यापुढे चारही पर्याय निकामी आहेत. फाइल डिलीट झाली, कार्ड काढून पुन्हा लावलं, आणि फाइल जागच्या जागी. फॉरमॅट झाल्याचं सांगितलं आणि जुनं सगळं जसंच्या तसं. अशा कार्डाने लिहून घेणं बंद केलंय, फक्त वाचून देतंय. आहे तोवर कॉपी करून घ्या आणि पुढच्या लग्नाच्या ऑर्डरला नवं कार्ड न्या.